दसऱ्याला अडलेला कॉम्प्युटर

आज लेकीच्या लॅपटॉपला झेंडूचं फूल वाहिलं आणि त्या उग्र वासाने मला थेट मुलुंडच्या जुन्या घरातल्या एका दसऱ्याला नेऊन सोडलं.

अप्पा घरी लग्नपत्रिका टाइप करायचे. त्यांचा मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम फक्त जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालायचा, म्हणून नव्याकोऱ्या कॉम्प्युटरवर मी तीच टाकत होतो. ती मेली निळ्या पडद्यापर्यंत यायची आणि तिथेच अडायची. सीडी बदलली, रॅम काढून पुसून परत बसवली, तरी तेच. डोक्याची पार मंडई झाली.

मागे अप्पा निरांजनाचं तबक घेऊन उभे. "बंद मशीनला मी ओवाळणार नाही. नवीन आहे ना? मग जुनं एवढंसं चालवायला काय होतंय त्याला?"

"अप्पा, नवीन आहे म्हणूनच चालत नाहीये! तुम्ही जेवून घ्या ना!"

"पूजेआधी?"

आतून आई ओरडली, "पुऱ्या वातड झाल्या रे!"

शेवटी वैतागून मशीन चालू होतानाच उघडणाऱ्या सेटिंग्ज चाळताना एक पर्याय सापडला. नव्या प्रोसेसरने जुन्या सिस्टिमला आपली सगळी माहिती सांगायची नाही, तिला झेपेल तेवढीच सांगायची. तो चालू केला आणि मशीन मुकाट सुरू झालं. अप्पांनी समाधानाने ओवाळलं. मी धुसफुसत वातड पुरी तोडत बसलो.

आज फूल वाहून झाल्यावर लेकीला विचारलं, "तुझं ऑफिसात नक्की काम काय असतं गं?"

तिने बोलायला तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "कॉम्प्युटरचंच असतं, बाबा."