मातीवर जुळलेली साखळी

नव्वदीतली गोष्ट. सुरत स्टेशनवर मला सोडायला माझे वडील, आबा, पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाईंग मिलमधली पाळी संपवून थेट आले होते. "दोन वरीसनी ते गोठ शे," दोनच वर्षांचा प्रश्न, असं मायला समजावत होते. ती खिडकीतून माझा हात सोडायला तयार नव्हती.

मी जर्मनीला निघाले होते, जीव जन्मण्याआधी पृथ्वीवर काय घडलं असेल ते शोधायला. आबांना मी त्यांच्याच कामावरून सांगितलं होतं. हौदातलं पाणी गार झालं की रंगाचे चपटे कण आपले आपण एकमेकांवर रचून बसतात आणि कापडावर डाग पडतात. वाफ सोडून त्यांना सुटं ठेवणं ही आबांची नोकरी. आईबापाचे गुण लेकरात उतरवणाऱ्या साखळ्यांमध्येही असेच चपटे, रचून बसणारे कण असतात. जोडणारं कुणीच नसताना त्यांची पहिली साखळी कशी झाली, हे मला बघायचं होतं. "म्हंजे मी तोडस, तू जोडशी," म्हणून आबा हसले होते.

तिकडे अंगावर उबदार कोट आणि जीव सुरतेच्या उधन्यातल्या आमच्या गल्लीत. पाण्यात कण जवळ यायचे, पण साखळी धरत नव्हती. बारीक माती घालायची, वाळवायची, पुन्हा भिजवायची. रविवारी गल्लीतल्या एसटीडीवाल्याकडे फोन लावला की आबा विचारायचे, "जुयनं का?" साखळी जुळली तर प्रयोगशाळेतले लोक मला तिथेच ठेवून घेणार होते, नाही तर मी परत. हे फक्त आबांना ठाऊक होतं. माय बिचारी माझं काम व्हावं म्हणून सप्तशृंगीला नवस बोलून बसली होती.

दुसऱ्या हिवाळ्यात मातीवर साखळ्या जुळल्या. आखूड, पण जुळल्या. मी आनंदाने रडले, आणि मग नुसतीच रडले. चैत्रात माय नवस फेडायला सुरतेहून सप्तशृंगीच्या गडावर पायी गेली. सगळं माहीत असून आबाही तिच्याबरोबर चालले.

परतल्यावर फोन मायने घेतला. "नवस फिटना, तुनं काम बी व्हयनं. आते कवय येशी?"

मी कधी येणार, हे तिने विचारताच आबांनी फोन आपल्याकडे घेतला आणि तिला म्हणाले, "लाइन कट व्हयनी." लाइन चालू होती.

तुम्हीही कुणी असे निघून गेला असाल, तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. आज इथे जर्मनीत माझं घर आहे, मुलांना मराठी समजतं, बोलता येत नाही. पण कुणी घर कुठे विचारलं की मला एसटीडीच्या दुकानातला लाकडी बाक दिसतो. लाइन पुन्हा लागेल म्हणून त्या दिवशी दुकान बंद होईपर्यंत माय तिथे बसून होती, असं आबांनी खूप नंतर सांगितलं.