दाक्षायणीबाईंची दोन जहाजं

बाळीवेशीत कुणाला समुद्राबद्दल काही विचारायचं असलं की तो दाक्षायणीबाईंकडं जातो. आता समुद्रापासून इतक्या लांब, बाळीवेशीच्या बोळात बसून माणसाला समुद्राबद्दल विचारण्यासारखं काय असतं, हा प्रश्न रास्त आहे. पण बाई दोन वर्षांत दोनदा जहाजावर जाऊन आल्या. तीही साधीसुधी जहाजं नव्हेत. शंभर-सव्वाशे पाहुणे आणि त्यांच्या दिमतीला तेवढेच नोकर, अशी छोटी आणि भलतीच महाग जहाजं. त्यामुळं भजनी मंडळात टाळ खाली ठेवले रे ठेवले की बायका विचारायच्या, अव्वा, दोनातलं कुठलं चांगलं? ज्या बायकांनी होटगीच्या तलावापलीकडं पाणी पाहिलं नव्हतं, त्यांनाही हे ठरवल्याशिवाय झोप येत नव्हती.

बाई साठी ओलांडलेल्या, अंगानं भरलेल्या. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे आणि जीभ अशी की भाजीवाला त्यांना बघून आधीच भाव उतरवतो. नवरा गेल्यापासून वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. दोन मुलगे गावातच आहेत, पण एकाकडं राहायला गेलं तर दुसऱ्याचं तोंड फुगणार, म्हणून त्या कुणाकडंच जात नाहीत. थोरला शिवपुत्र, त्याचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना. धाकटा मल्लिनाथ, तो सांगोल्याकडची डाळिंबं गोळा करून परदेशी पाठवतो. दोघांचं बरं चाललेलं. फक्त दोघे तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण विचाराल तर हसाल. वडिलांचं कापडाचं जुनं दुकान बंद केलं तेव्हा त्यावरची लाकडी पाटी कुणी न्यायची यावरून दोघांचं वाजलं. ज्या पाटीवरची धूळ दोघांनी जन्मात कधी पुसली नव्हती, तिच्यासाठी दोघे हमरीतुमरीवर आले. शेवटी बाईंनी पाटी घरी आणून स्वतःच्या पलंगाखाली सरकवली, भिंतीकडं तोंड करून. तेव्हापासून शिवपुत्र ‘तम्मा’, म्हणजे धाकटा भाऊ, ही लहानपणची हाक सोडून भावाला ‘डाळिंबवाला’ म्हणतो आणि मल्लिनाथ त्याला ‘टॉवेलवाले’. नाव कुणीच घेत नाही. आईला भेटायला दोघे येतात, पण वेगवेगळ्या वारी. गाड्या मात्र दोघेही एकाच जागी लावतात, खालच्या कुंडलिकरावांच्या फाटकासमोर. कुंडलिकराव एसटीत कंडक्टर होते. आडव्या लावलेल्या गाडीबद्दल त्यांना काय वाटतं ते ते आख्ख्या बोळाला ऐकू जाईल असं सांगतात.

दाक्षायणीबाईंची इच्छा एवढीच होती की लहानपणी एका ताटात जेवणारी ही पोरं पुन्हा एकदा समोरासमोर बसून जेवावीत. मरायची त्यांना अजिबात घाई नव्हती. पण हे बघायला मिळावं असं फार वाटायचं, आणि वाटलं की त्या चिडायच्या.

जहाजाचं खूळ थोरल्यानं आणलं. आईला काशी दाखवतात तसा त्यानं तिला ग्रीसचा समुद्र दाखवला. त्या जहाजाचा थाट काय सांगावा! खोलीला स्वतंत्र नोकर. त्यानं बाईंची बॅग उघडून लुगड्यांच्या घड्या कपाटात लावल्या, आणि लुगड्यांना परक्या पुरुषाचा हात लागला म्हणून बाई पहिली रात्र धुसफुसत राहिल्या. जेवायला नटूनथटून जायचं. बाईंचं इरकल बघून चार गोऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या, ते त्यांना आवडलं. तिकिटात सगळं धरलेलं होतं, दारूसुद्धा. बाईंच्या मते इथंच ते जहाज महाग पडलं, कारण न पिणाऱ्या बाईनं आख्ख्या जहाजाला पाजली.

खरा घोटाळा भाकरीचा झाला. बाईंनी डबा भरून कडक भाकरी नेल्या होत्या. पापडासारख्या पातळ, खडखडीत वाळवलेल्या, महिनोन्‌महिने टिकणाऱ्या. संगतीला शेंगाची चटणी. नोकरानं डबा उघडला, त्याला वाटलं ही बिस्किटं. त्यानं मोठ्या अदबीनं तो स्वयंपाकघरात दिला, आणि संध्याकाळी बाईंच्या भाकरीचे तुकडे चीज लावून चांदीच्या तबकातून सगळ्यांपुढं फिरले. पाहुणे तुटून पडले. एक जर्मन म्हातारी तर तबकाच्या मागं मागं फिरली. डबा रिकामा झाला, आणि पुढचे सगळे दिवस बाईंनी चटणी पावाला लावून खाल्ली. हा चटणीचा अपमान होता असं त्या आजही म्हणतात.

आणि शिवपुत्र? तो न्हाणीघरातल्या टॉवेलाचा कोपरा उलटून बघत होता. टॉवेल तुर्कस्तानचा निघाला. मग जहाज कुठल्या बेटाला लागलं, सूर्य कुठं बुडाला, याच्याशी त्याला कर्तव्य उरलं नाही. तो कारखान्यात फोन लावून बसला आणि जहाजाच्या व्यवस्थापकाला नमुने पाठवायचं कबूल करून आला.

तरी परतल्यावर त्यानं गावभर सांगितलं की अव्वाला स्वर्ग दाखवला. हे मल्लिनाथच्या कानावर गेलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यानं आईला नॉर्वेला नेलं.

धाकट्याचं जहाज निराळंच. नटायचं नाही, मुरडायचं नाही. गुडघ्यापर्यंतचे बूट घालून रबरी होडीत बसायचं आणि बर्फाजवळ जायचं. संध्याकाळी पक्ष्यांवर व्याख्यान. कप्तान जिथून जहाज चालवतो त्या खोलीत कुणीही जावं, शेजारी उभं राहावं. बाई रोज जायच्या. एवढं मोठं धूड हाकणारा माणूस आईला आठवड्यातून किती वेळा फोन करतो, हे त्यांनी खुणांनी विचारून घेतलं. सेवा कमी, पण माणूस म्हणून वागवणूक जास्त, असं त्यांचं मत झालं. शिवाय कपडे आपले आपण धुवायला यंत्र होतं, त्यामुळं लुगड्यांची अब्रू शाबूत राहिली.

पण तिथं चटणीला अटक झाली. जहाजावर कुणा पाहुण्याला शेंगदाणा चालत नव्हता, नुसता वास आला तरी घसा सुजायचा. झडतीत चटणीचा डबा सापडला, तेव्हा तीन अधिकारी गोळा झाले. शेवटी डबा जहाजाच्या डॉक्टरच्या कपाटात कुलूपबंद झाला. बाईंना चटणी हवी असेल तर दवाखान्यात जायचं, तिथंच खायची, हात धुवायचे आणि यायचं. दोन दिवस त्या गेल्या. तिसऱ्या दिवशी डॉक्टरनं स्वतःच चमचा पुढं केला, तेव्हा बाईंनी जाणं सोडलं, कारण डबा लहान होता आणि डॉक्टर तगडा. मग उरले दिवस त्या कोरडी भाकरी चावत खिडकीशी बसल्या.

मल्लिनाथनं न्याहारीला डाळिंबाचे दाणे पाहिले होते. फिकट, पाणचट, स्पेनचे. तेव्हापासून तोही फोनवर होता. दोघे बापावर गेलेत, बाई म्हणतात. त्यांच्या नवऱ्यानं लग्नाच्या मांडवात अंतरपाटाचं सूत चाचपून पाहिलं होतं.

परत आल्यावर खरी पंचाईत सुरू झाली. थोरला आला, चहा घेतला आणि इकडचं तिकडचं बोलून विचारता झाला, की दोन्हींत कुठलं चांगलं. त्याचं नाक इतकं वर होतं की बाईंना राहवलं नाही. त्या म्हणाल्या, धाकट्याचं. दोन दिवसांनी धाकटा आला, नाक तेवढंच वर. त्याला म्हणाल्या, थोरल्याचं. पोराचं नाक खाली आणणं हे आईचं कामच आहे, त्यात खोटं-खरं काय बघायचं, असा त्यांचा हिशेब. दोघेही पडल्या चेहऱ्यानं गेले, आणि बाईंनी त्या दिवशी निवांत झोप काढली.

ही झोप महाग पडली. दिवाळीच्या तोंडावर थोरल्यानं धाकट्याच्या जहाजकंपनीचं तिकीट काढलं, त्याच्यापेक्षा मोठी खोली घेऊन. आणि धाकट्यानं थोरल्याच्या कंपनीचं. आईला अमुक आवडतं ना, मग तेच, पण वरचढ. दोन्ही तिकिटं दिवाळीच्या आठवड्याची. दोघांनी आईला फोन करून बॅग भरायला सांगितलं. एकाला हो म्हणावं तर दुसरा जन्मभर तोंड दाखवणार नाही. दोघांना नाही म्हणावं तर दोघे एकमेकांवर आळ घेणार. बाई देवासमोर बसल्या, पण पूजेत लक्ष लागेना. नाकं खाली आणायला गेले मी आणि पोरांमधली दरी वाढवून बसले, हे त्यांना कळत होतं, आणि त्याचं खरंच वाईट वाटत होतं. मंडळातल्या बायकांना त्यांनी त्या आठवड्यात उगाच झाडलं.

भांडं फोडलं सयाजीनं. सात रस्ता चौकात त्याचं प्रवासाचं दुकान. गावात असली जहाजं विकणारा तो एकटाच, म्हणून दोन्ही तिकिटं त्याच्याकडंच आली होती. त्यानं शिवपुत्रला फोन करून विचारलं, की एकाच बाईंचा पासपोर्ट एकाच आठवड्यात दोन जहाजांवर लागलाय, तेव्हा साहेब, त्यांचे दोन भाग करायचेत की काय.

शिवपुत्रचं डोकं फिरलं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यानं भावाचा नंबर लावला, तो अर्थातच शिव्या घालायला. मल्लिनाथनंही उचलला, तोही त्याचसाठी. पंधरा मिनिटं दोघे ओरडले. मग एक म्हणाला, अव्वानंच सांगितलं तुझं जहाज भारी म्हणून. दुसरा म्हणाला, मला तर सांगितलं तुझं भारी.

त्या संध्याकाळी बोळात दोन गाड्या एकामागं एक येऊन थांबल्या. पहिली कुंडलिकरावांच्या फाटकासमोर, दुसरी तिला चिकटून. कुंडलिकराव बाहेर आले, दोन्ही भाऊ एकदम जिना चढताना पाहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता आत गेले.

बाईंनी दार उघडलं. दोघांना एका उंबऱ्यात बघून त्या बाजूला झाल्या आणि वाट दिली. दोघे खुर्चीवर बसले नाहीत. शिवपुत्रनं विचारलं, आता आमच्या दोघांसमोर खरं सांग, कुठलं जहाज चांगलं होतं.

“आधी खावा,” बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

बाहेर आल्या त्या एक मोठं ताट घेऊन. त्यात कडक भाकरीची चवड, दही, आणि शेंगाच्या चटणीचा ढीग, वर तेल. ताट एकच. दोघांनी त्याच्याकडं पाहिलं, एकमेकांकडं पाहिलं नाही. भुकेला मात्र अबोला धरता येत नाही, आणि दोघेही कामावरून तसेच आले होते. शिवपुत्रनं भाकरी मोडली. मल्लिनाथनं चटणीत बोट घातलं.

“आता ऐका,” बाई म्हणाल्या. “थोरल्याच्या जहाजावर चटणी होती, भाकरी न्हवती. धाकट्याच्या जहाजावर भाकरी होती, चटणी कुलपात. आन्‌ दोन्हीकडं ल्योक होता, तर त्यो फोनवर. समुद्र लई चांगला होता रे. पर ‘बघ की’ म्हणायला शेजारी कुणी न्हवतं. एकीकडं माझ्याशी बोलला त्यो खोलीवरचा नोकर, आन्‌ दुसरीकडं कप्तान. आता तुमीच ठरवा कुटलं भारी ते.”

मल्लिनाथनं मान खाली घातली. शिवपुत्रच्या खिशातला फोन वाजला, त्यानं तो न बघताच बंद केला.

पण ही दोघं शेवटी दाक्षायणीबाईंचीच पोरं. लाज फार वेळ टिकली नाही. आधी धाकटा म्हणाला, ते सगळं खरं, पण तू दोघांशी खोटं बोललीस त्याचं काय. थोरल्यानं लगेच री ओढली, की लहानपणीही ही असंच करायची, मला सांगायची तो अभ्यास करतोय आणि त्याला सांगायची मी करतोय. धाकट्याला ते आठवलं, वर आणखी दोन गोष्टी आठवल्या. मग दोघांनी मिळून आईवर अशी काही सरबत्ती लावली, की शेजारच्या घरी टीव्हीचा आवाज कमी झाला. तीन वर्षं जे एका शब्दाला महाग होते, ते एकमेकांची वाक्यं पुरी करत होते. बाई गुन्हेगारासारख्या समोर बसून होत्या आणि त्यांना इतका आनंद झाला होता, की त्यांनी पदर तोंडाला लावला. पोरांना वाटलं ही रडतेय. त्या हसत होत्या, आणि थोड्या रडतही होत्या.

ताट रिकामं झालं. सयाजीला दोन्ही तिकिटं रद्द करायला सांगायचं ठरलं. पाटीचा विषय कुणी काढला नाही, पण उठताना दोघांनीही एकदा पलंगाकडं पाहिलं. चपला घालताना शिवपुत्र वळला.

“तम्मा,” तो म्हणाला, “चल, सोडतो तुला. ही बाई खोटारडी हाय, हिच्यावर बोलायचं राहिलंय अजून.”

दाक्षायणीबाई खिडकीशी उभ्या राहिल्या. खाली दार लागल्याचा आवाज आला, मग दुसरं दार लागल्याचा, आणि एकच गाडी चालू होऊन बोळाबाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडलिकराव खालून ओरडले, की धाकट्या साहेबांची गाडी अजून फाटकासमोर आडवी आहे, स्कूटर बाहेर कशी काढायची. बाई गॅलरीत आल्या. विभूती लावलेली, हातात जपाची माळ.

“ऱ्हाऊ द्या की दोन दिवस,” त्या म्हणाल्या. “तुमाला कुटं लांब जायचंय?”