एका बाळासाठी फोडलेली बाटली

आमगावच्या पुढे आमचं गाव, आणि गावात मी आशा, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका. गावातल्या गरोदर बायांची नोंद ठेवणं हे माझं काम. कुणाची पाळी चुकली हे कधीकधी तिच्या नवऱ्याच्या आधी मला कळतं. मग रक्त तपासायला न्यायचं, धनुर्वाताचं इंजेक्शन चुकू द्यायचं नाही, बाळ झालं की त्याच्या लसी, आणि हे सगळं रजिस्टरात. मला या कामाचा अभिमान होता. आता रजिस्टर उघडलं तरी शिसारी येते.

दोन वर्षांपूर्वी एका धानवाल्या घरच्या धाकट्या सुनेच्या रक्तात कावीळ-ब निघाली. पहिलटकरीण, दिसायला धडधाकट, डोळेसुद्धा पिवळे नाहीत. डॉक्टरांनी तिला आणि मला समोर बसवून नीट सांगितलं. हा विषाणू रक्तात राहतो, ताटावाटीतून, पाण्यातून पसरत नाही, पण बाळंतपणात आईकडून बाळाला जाऊ शकतो. जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत बाळाला लस टोचली तर बहुतेक बाळं वाचतात. बाहेर आल्यावर तिने माझा हात धरला.

"ताई, नवऱ्याले मी सांगीन. सासूले सांगू नोका. घरात राहू देनार नाई मले."

नाही सांगणार, असा मी तिला शब्द दिला.

ऐन धानाच्या रोवणीत तिचे दिवस भरले. सासू आणि मी तिला दवाखान्यात घेऊन गेलो. कोणत्या, ते लिहीत नाही. सकाळी दहाच्या सुमारास मुलगी झाली. मी सिस्टरला बाजूला घेऊन रिपोर्ट फाइलमध्ये लावलाय असं हळूच सांगितलं. "पाहते," ती म्हणाली. मला बरं वाटलं आणि मी गावाला परतले, कारण आणखी दोघींचे दिवस भरत आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पोचले. वॉर्डात फिनाईल आणि शिळ्या भाजीचा वास कोंडला होता. उशाशी बाळाचं कार्ड होतं. कावीळ-बच्या रकान्यात सुरेख टिकमार्क, पुढे कालची तारीख, अकराची वेळ, खाली सही. मी सुनेला विचारलं, बाळ रडलं का गं टोचल्यावर?

"कवा टोचलं? बाळ तं माह्यापासून हललंच नाई."

दुपटं सोडलं. डाव्या मांडीवर काही नाही, उजवीवरही नाही. मुंगी चावल्याएवढी खूणसुद्धा नाही.

सिस्टर आपल्या खोलीत चहात बिस्किट बुडवत होती. विचारलं तर लपवलं नाही, लाजलीही नाही. "एका बच्च्यासाठी व्हायल नाही फोडत आम्ही. दहा डोस असतात एका बाटलीत, वेस्टेज कोण दाखवणार? बुधवारी चार बच्चे जमले की देऊ."

"पण कार्डावर तर काल दिलं असं आहे."

"अगं, नाहीतर ऑनलाइन पेंडिंग दिसतं. देणारच आहे ना? क्या फरक पडता है?"

बिस्किट तुटून कपात पडलं आणि ती ते चमच्याने काढायला लागली. ही बाटली फोडली तरी चार आठवडे चालते, चार तासांत फेकायची ती बीसीजी-गोवरची बाटली वेगळी, हे मला आशाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. हिला ठाऊक नसेल? ठाऊक होतं. पण बाटली जपायची सवय हाडीमासी खिळली होती, आणि बाळ काय, बुधवारपर्यंत थांबतंच. मी चार आठवड्यांचं बोलले तर म्हणाली, "तू आशा आहेस, आशासारखी राह."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "अवो, तिच्या मायले कावीळ-ब आहे! रिपोर्ट वाचला काऊन नाई तुमी? तीन तास राहिले!"

दार सताड उघडं होतं. पलीकडे आख्खा वॉर्ड. आणि दारातच गरम पाण्याचा थर्मास घेऊन सासू उभी.

पुढचं सगळं दोन मिनिटांत झालं. सिस्टर उठली, फ्रिज उघडला, बाटली फोडली, बाळाच्या मांडीत सुई गेली, बाळ रडलं. दोन मिनिटांचं काम. कार्डाला तर हातही लावावा लागला नाही, टिकमार्क आधीच तयार होता. अशा किती कार्डांवरून मी माझं रजिस्टर वर्षानुवर्षं उतरवून घेतलं असेल, कुणाच्या मांडीकडे न बघता, ते मला त्या क्षणी कळलं. मला तिची किळस आली आणि तिच्याइतकीच माझी.

सातव्या दिवशी घरी तपासणीला गेले. बाळ छान होतं, दूध पीत होतं. बाळंतिणीची खाट मात्र मागच्या पडवीत, गोठ्याच्या भिंतीला. तिचं ताट वेगळं, ग्लास वेगळा. मी सासूला डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं पुन्हा समजावलं. म्हटलं, मावशी, खाण्यापिण्यातून नाही पसरत हे. अंगावरचं दूधही पाजू द्या.

सासू ओरडली नाही. सुनेचा ग्लास उचलला, तांब्यातलं पाणी ओतलं आणि माझ्यापुढे धरला. "पसरत नाई मनता ना बाई? मंग प्या."

मला सगळं पाठ होतं. वर मी स्वतः कावीळ-बची लस घेतलेली. तरी माझा हात उठेना. फार नाही, एक श्वास आत घेऊन सोडावा इतकाच वेळ. खाटेवरून सून माझ्या हाताकडेच बघत होती. मग ग्लास घेतला आणि सासूकडे बघत घटाघटा संपवला. ती आत गेली. चला, निदान एवढं तरी सावरलं, म्हणून मी रिकामा ग्लास सुनेकडे केला. तिने हात पुढे केला नाही.

"खाली ठेवा, ताई," ती म्हणाली. "जाऊन पह्यले हात धुऊन घ्या."