काळ्या कागदाचे कोपरे

दोन हजारच्या दशकात मी सांगलीहून चेन्नईला गेले, ती एका यंत्राच्या कामाला. एका संशोधन संस्थेत पाच-सहा जणांचा गट होता. गटाचे प्रमुख तमिळ होते, आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. अणुभट्टी चालू असली की तिच्यातून न्यूट्रिनो नावाचे कण सतत बाहेर पडतात आणि भिंतीतून, माणसातून, डोंगरातून आरपार जातात; अगदी क्वचित एखादाच कशाला तरी अडतो. त्यांच्या तीन जाती माहीत आहेत. चौथीही असावी असा काहींना संशय आहे. स्टराइल, म्हणजे वांझ, न्यूट्रिनो म्हणतात तिला, कारण ती कधीच कशाला अडत नाही. मग ती शोधायची कशी? भट्टीजवळ यंत्र ठेवून न्यूट्रिनो मोजायचे. अपेक्षेपेक्षा कमी भरले, तर काही जण वाटेत चौथ्या जातीत गेले असतील.

सरांचं स्वप्न ते होतं. पण त्याआधी आमच्या छोट्या यंत्राला साधे न्यूट्रिनो तरी दिसतात का, ते बघायचं होतं. चेन्नईजवळची समुद्रकाठची भट्टी दोन महिन्यांनी देखभालीसाठी बंद होणार होती. ती चालू असताना मोजायचं, बंद असताना मोजायचं आणि फरक पाहायचा. भट्टी काही आमच्यासाठी थांबणार नव्हती.

यंत्र म्हणजे माझ्या उंचीच्या, काचेसारख्या स्वच्छ प्लॅस्टिकच्या छत्तीस पट्ट्या. कण अडला की पट्टीत अगदी मंद चमक उठते आणि टोकाला बसवलेली नळी ती टिपते. म्हणून बाहेरचा उजेड आत जाता कामा नये. प्रत्येक पट्टीला आधी चंदेरी पातळ कागद, त्यावर जाड काळा कागद, त्यावर काळी टेप. हे गुंडाळायचं काम माझं.

पहिल्या दहा पट्ट्या मी मोठ्या उत्साहाने गुंडाळल्या. सरांनी एकेक तपासायला घेतली. खोलीतला दिवा बंद केला की आकडा खाली, लावला की वर. दहातल्या सात तशाच निघाल्या.

"तुझी पट्टी न्यूट्रिनो मोजत नाहीये, ट्यूबलाइट मोजतेय," सर म्हणाले. सगळे हसले. मीही हसले, पण कान तापले होते.

मी वेस्ट मांबलममध्ये एका मामींकडे वरच्या खोलीत राहायचे. त्या तंजावरकडच्या मराठी. त्यांचं मराठी माझ्या पणजीच्याही आधीचं वाटायचं आणि बोलण्याची चाल तमिळ. मुलं परदेशी, यजमान वारलेले. मामींनी एका ग्रंथालयाच्या बांधणी विभागात तीस वर्षं फाटकी पुस्तकं बांधली होती. मला ते ठाऊक होतं, पण त्यांना विचारावं असं कधी सुचलं नाही. त्या रविवारी मी खाली जमिनीवर लाकडाची फळी आणि काळा कागद घेऊन सराव करत बसले होते.

मामी कॉफी घेऊन आल्या आणि बघत उभ्या राहिल्या.

"काय गे करतेस तें?"

"उजेड आत जाऊ नये असं गुंडाळतेय, मामी. टोकाशीच बिघडतं."

"बिघडणारच की. कोपरा ऐसा चुरगळलास तर फट राहणारच. सरक."

त्या खाली बसल्या. कागदावर नखाने एक रेघ ओढली, तिथे घडी घातली, कोपऱ्याचा त्रिकोण आत दाबला आणि त्यावर दुसरी बाजू अशी आणली की जोड कुठे आहे ते मला बोट फिरवूनही कळेना. नंतर सगळं सोडलं आणि माझ्यापुढे सरकवलं. "आतां तूं." संध्याकाळपर्यंत मी तो कोपरा वीसेक वेळा केला. त्यांनी चार पसंत केले.

सोमवारी मी सरांना विचारलं, मामींना आणू का? सर जरा घुटमळले. "त्यांना आधी एक पट्टी करू दे," म्हणाले. मामी रेशमी साडी नेसून आल्या. हातमोजे घालायला सांगितले तेव्हा नाराज झाल्या. बोटांना कागद कळत नाही, म्हणाल्या. बोटांचे डाग पट्टीवर पडतात असं सरांनी तमिळमध्ये समजावलं, तेव्हा "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, करत घातले. त्यांची पहिली पट्टी तपासली. दिवा बंद केला, लावला, पुन्हा बंद केला. आकडा हलला नाही. सर खुर्ची घेऊन आले आणि स्वतः त्यांच्यापुढे ठेवली.

मामी दोन आठवडे रोज आल्या. मी गुंडाळायचे, त्या कोपरे करायच्या. एकदा त्यांनी विचारलंच, "हें सगळें कशास?" मी चौथ्या जातीबद्दल सांगितलं. ती दिसणार नाही, पण बाकीचे कमी भरले तर कळेल.

"तेवढेंच ना? आमच्या ग्रंथालयाच्या कपाटांतही पुस्तकांचा चोर कधी दिसला नाही. पुस्तकांमधली फट दिसायची."

सर बाजूलाच होते. मी त्यांना तमिळमध्ये सांगायला गेले, तर मामींनीच सांगून टाकलं. सर इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

पट्ट्या वेळेत झाल्या. टेम्पोतून त्या समुद्रकाठच्या रस्त्याने भट्टीकडे गेल्या, मी त्यांच्यासोबत. मामींना आत नेता आलं नाही, तेवढी एक रुखरुख. भट्टीच्या इमारतीबाहेरच्या खोलीत यंत्र रचलं, भोवती शिशाच्या विटा लावल्या. भट्टी चालू होती ते तीन आठवडे मोजलं, बंद झाल्यावर तीन आठवडे मोजलं.

फरक दिसला. फार छोटा. सरांनी मला तोच हिशेब चार वेगवेगळ्या पद्धतींनी करायला लावला आणि चारही वेळा भट्टी चालू असतानाचा आकडा थोडा वर राहिला. "दिसलं असं म्हणवत नाही," ते म्हणाले, "पण नाही दिसलं असंही म्हणवत नाही. चौथ्या जातीसाठी याच्या कितीतरी पट मोठं यंत्र लागेल." त्यांचा चेहरा मात्र मुलगा पास झाल्यासारखा होता. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी कँटीनमध्ये दोन-दोन डोसे खाल्ले.

घरी आले तर मामी दारातच.

"मग, सांपडला का चोर?"

"नाही मामी. पण पुस्तकं मोजता येतात, एवढं बहुतेक कळलं. चोरासाठी मोठं यंत्र लागेल."

"मग हसतेस कां एवढी?"

मामींनी उत्तराची वाटही पाहिली नाही. शेजारच्या दारात उभ्या असलेल्या बाईंकडे वळून त्या मोठ्यांदा तमिळमध्ये सांगू लागल्या की आमचं यंत्र चालतं, आता मोठं करायचं आहे आणि पट्ट्या आणखी लागणार आहेत.