मडक्यातली पांढरी

शहागंजच्या बाजारातून आणलेल्या कोऱ्या माठात पाणी ओतलं आणि त्या वासासरशी मला तो ओढा आठवला.

धरणाचं पाणी चढत होतं. नदीकाठचं आमचं गाव उठून वरच्या माळावर वसणार होतं. जुन्या गावठाणाची पांढरी माती टाकल्याशिवाय नवं गाव वसत नाही, म्हणून नव्या सुनेच्या, माझ्या डोक्यावर त्या मातीचं मडकं दिलं होतं. गाड्या पुढं गेल्या आणि ओढ्यात माझा पाय घसरला. मडकं वाचलं, माती वाहून गेली. भेदरून मी वाटेवरचा लाल मुरूम मडक्यात भरला.

दिवस मावळला तरी माळावर सारं गाव वाट बघत होतं. सासऱ्यांनी मडक्यात हात घातला आणि ते क्षणभर थांबले. मग मूठ कपाळाला लावून म्हणाले, "हीच आपली पांढरी हाय. टाका."

बायकांनी डोळे पुसले. म्हाताऱ्याला कमी दिसतं, असं मला वाटलं.

पुढं दर उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की ते तेच मडकं घेऊन निघायचे. "कुठं चाललात, मामा?" विचारलं तर म्हणायचे, "असंच."

जुनं गाव कधीच उघडं पडलं नाही. मडकं दरवेळी रिकामंच परत यायचं.