तेरवी बुडवणारा माणूस

मयताच्या घरी पाऊल टाकलं की ते आधी मनगटावरचं घड्याळ काढून सदऱ्याच्या खिशात टाकायचे. मग बाह्या दुमडायचे, घरातल्या सगळ्यांत गोंधळलेल्या माणसाजवळ जाऊन बसायचे आणि हळूच म्हणायचे, "थोडं करा, पण आपल्या हातानं करा." असा माणूस तुम्हीही कुठंतरी पाहिला असेल. माझ्या वाट्याला तो समोरच्याच घरात आला, आणि कित्येक वर्षं मला तो डोळ्यांसमोर नको होता.

नाव सांगत नाही. गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे फिटरकाका म्हणत. चितेगावच्या एका कारखान्यात उभा जन्म फिटरचं काम करून ते निवृत्त झाले होते. बायको फार पूर्वी गेलेली, एकुलती मुलगी सोयगावला दिलेली. घरात ते एकटे, आणि ओट्यावर एक लाकडी बाक.

मी केटरर. लग्नं, बारशी आणि तेरव्या. लग्नात गिऱ्हाईक घासाघीस करतं, तेरवीत करत नाही. बापाच्या जेवणात हात आखडला असं कुणालाच ऐकायचं नसतं. फिटरकाका निवृत्त होण्याआधी गल्लीत कुणी गेलं की पहिला फोन मला यायचा. मंडप, खुर्च्या, फुलांनी सजवलेली गाडी, चौकातला फ्लेक्स, दहाव्याचे कीर्तनकार, सगळ्यांचे नंबर माझ्याकडं. मी दारात गेलो की रडणारा माणूससुद्धा उठून मला खुर्ची द्यायचा. ती खुर्ची मला आवडायची, हे आज कबूल करतो.

मग हळूहळू लोक आधी समोरच्या ओट्यावर जाऊ लागले.

गल्लीच्या टोकाला दोन भाऊ राहत. त्यांचे वडील गेले तेव्हा दोघांत चढाओढ लागली. थोरल्यानं गाडी सांगितली, तर धाकट्यानं बँडवाले सांगितले. थोरला पाचशे पानं म्हणाला, तर धाकटा हजार म्हणाला. मी वही काढून बसलो होतो. फिटरकाका आले, घड्याळ खिशात टाकलं आणि धाकट्याला विचारलं, "वडलांना शेवटची आंघोळ कधी घातली होती?" तो म्हणाला, आजवर कधीच नाही, दवाखान्यातली माणसं घालायची. "मग आता घाला. पाणी कोमट घ्या." दोघे भाऊ आत गेले ते अर्ध्या तासानं बाहेर आले. कोपरापर्यंत भिजलेले, डोळे लाल. त्यानंतर दोघांपैकी कुणीही गाडीचं नाव काढलं नाही. चौघांनी खांद्यावर नेलं, गोवऱ्यांवर दहन झालं, आणि तेराव्या दिवशी घरच्या घरी वरण-भात. माझी वही कोरी राहिली.

बायको म्हणाली, "तुमचं गिऱ्हाईक पळवणारा हा एकच माणूस, आणि तो तर काही विकतच नाही." ती हसली. मला हसू आलं नाही. धंद्याचं मी सोसलं असतं, लग्नं पुष्कळ होती. खुपत होती ती दुसरीच गोष्ट. त्या दोघा भावांनी जाताना माझ्याकडं पाहिलंही नाही, आणि फिटरकाकांच्या मात्र पाया पडले.

मत्सरी माणूस काय काय करतो ते ऐका. मी तिरडी बांधायला शिकलो. गोदामात दोन बांबू आडवे टाकून सुतळीनं सराव केला. पुढच्या वेळी त्यांच्या आधी पोहोचलो आणि सगळ्यांसमोर बांधायला घेतली. उचलून पाहिली तर मधली गाठ सरकली. फिटरकाका पुढं आले. माझ्या शेजारी उकिडवे बसले, गाठ सोडली आणि फिरवून पुन्हा मारली. वर म्हणाले, "सुतळी ओली करून घ्यावी, शेठ. कोरडी दगा देते." अपमान करत असते तर बरं झालं असतं. ते मनापासून शिकवत होते.

आणि माझी आई. दुपारची भांडी झाली की सुपात ज्वारी घेऊन ती त्यांच्या बाकावर जाऊन बसायची. ती निवडायची, ते पेपर वाचून दाखवायचे. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. मी घरी असलो तर तीही घरीच असायची, पण मी घरी कधी असायचो? दारातून गाडी काढताना दिसायचं, ती काहीतरी सांगतेय आणि ते मान खाली घालून ऐकताहेत. मी एकदा चिडून विचारलं, इतकं काय बोलता रोज? म्हणाली, "काय नाय बाबा, म्हाताऱ्या माणसांचं. तुला टाइम कुठंय?" तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मला मात्र ती ऐकू आली.

आई थंडीत गेली, सकाळी, अंथरुणातच. मी ओसरीत उभा राहून फोन फिरवत होतो. इतकी वर्षं लोकांची केली, आता माझी पाळी. बुंदी, पुरी, दोन भाज्या, भजी. पिशोरहून अख्खा गाव येईल, शहरातले सगळे व्यापारी येतील. गारखेड्यानं पाहिली नसेल अशी तेरवी करायची, हे मी मनात कधीचं ठरवून ठेवलं होतं. तेवढ्यात फिटरकाका आले आणि म्हणाले, "शेठ, फोन ठेवा. आईंनी सांगून ठेवलंय."

काय सांगून ठेवलं होतं ते त्यांनी तिथंच, शांतपणे सांगितलं. नवं कापड आणायचं नाही, तिला नव्या कापडाची खळ सोसत नाही; पेटीतलं जुनं इरकली लुगडं नेसवायचं. गोवऱ्यांवर दहन करायचं. राख कुठं लांब न्यायची नाही, पिशोरच्या आमच्या रानात बांधावर टाकायची आणि तिथं एक झाड लावायचं. तेरवीचं जेवण घालायचं नाही.

मी आवाज चढवला. म्हणालो, "माझी आई आहे ती."

"व्हय, तुमचीच. म्हणून तर तुम्हाला सांगतो."

"मग मला का नाय सांगितलं तिनं?"

"दोनदा सांगाय लागल्या होत्या. तुम्ही म्हणलात, आई, असलं अभद्र बोलू नको. कोणताबी लेक असंच म्हणंल. मला ऐकवलं, कारण माझं काय जाणार होतं?"

मला आठवलं. दोन्ही वेळा आठवलं. एकदा तर मी जेवणावरून उठलो होतो.

लुगडं पेटीच्या तळाशी होतं, नीट घडी घालून, मध्ये कडुनिंबाचा पाला. तिनं तयारी करून ठेवली होती आणि आमच्या घरात ते कुणालाच माहीत नव्हतं. बायकांनी तिला ते नेसवलं. फोन मी बंद केला. पण खरं सांगतो, मी आईचं ऐकत होतो की त्या माणसापुढं हरल्यामुळं गप्प होतो, हे मला त्या दिवशी कळत नव्हतं.

पिशोरच्या भावकीनं बोलायचं ते बोलून घेतलं. गावाला जेवू घालणाऱ्यानं आईच्या तेरवीला चूल विझवली, म्हणाले. मी ऐकून घेतलं. तेराव्या दिवशी मात्र घरात राहवेना. आईला शेंगोळे आवडायचे, तेवढे तरी घरच्यापुरते करावे म्हणून मी कुळथाचं पीठ मळायला बसलो. माझ्या हाताखाली वीस माणसं. स्वतः पिठात हात घालून मला किती वर्षं झाली होती कोण जाणे. फिटरकाकांना मीच बोलावलं. ते आले, हात धुतले आणि शेजारी बसले. मी दोन-तीन वळले तेव्हा त्यांनी हळूच माझ्या ताटात पाहिलं.

"बारीक वळा, शेठ. अलीकडं त्यांना चावत नव्हतं. कवळी आत टोचायची, म्हणून जेवताना काढून ठेवायच्या."

माझे हात थांबले. मला कवळी माहीत होती, पैसे मी दिले होते. ती टोचते हे माहीत नव्हतं. त्या क्षणी मला त्यांचा जेवढा हेवा वाटला तेवढा आयुष्यात कुणाचा वाटला नाही. मग मी बारीक वळले. ते आणि मी, ताट भरेपर्यंत.

त्यानंतर आम्ही मित्र झालो असं म्हणणार नाही. पण दुपारी काम नसलं की मी त्या बाकावर जाऊन बसू लागलो. आईच्या जागेवर नाही. त्या टोकाला बसायला मला जमलं नाही. ते पेपर वाचायचे, मी ऐकायचो. मध्येच ते एखादी गोष्ट सांगायचे, आणि मीही आता मध्ये बोलत नव्हतो. पुढं त्यांची नजर कमी झाली आणि मुलगी येऊन त्यांना सोयगावला घेऊन गेली.

दोन वर्षांनी तिचा फोन आला. मी लगेच निघालो. सिल्लोडच्या पुढं रस्त्याचं काम चाललं होतं, तिथं तास गेला. पोहोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. कुणाचा खोळंबा नको, असं ते सांगून गेले होते. ओट्यावर चार माणसं ओल्या केसांनी बसली होती. खांदा त्यांनी दिला होता. दोन वर्षांची ओळख त्यांची, आणि मी समोरच्या दारात जन्म काढलेला. मी त्यांच्या खांद्यांकडं पाहत राहिलो. तुम्हाला हे पोरकट वाटेल.

मी त्या रात्री तिथंच राहिलो. सकाळी सावडायला आम्ही सहा जण गेलो, ते चौघे, मुलगी आणि मी. गोवऱ्यांची राख फार नसते. एक गाडगं पुरलं. परत येऊन अंगणात बसलो तेव्हा ते चौघे काकांच्या गोष्टी सांगू लागले, आणि मलाही राहवेना. आमच्याकडं ते किती मोठे होते हे मी जरा वाढवूनच सांगितलं. कुणी काकांच्या हातून गेलेली दहा मढी मोजली, तर मी तीस. सांगता सांगता बाकावरच्या एका दुपारची गोष्ट तोंडातून निघून गेली.

त्यांची बायको गेली तो दिवस. लोकांनी त्यांना सकाळपासून विचारून भंडावलं होतं. गाड्या किती, गावाकडून माणसं किती, तेलाचे डबे किती, आचारी कोण. एका पाहुण्यानं हातात यादीच दिली. ती यादी घेऊन ते दिवसभर आतबाहेर करत राहिले, आणि वळून पाहिलं तर तिला उचललं होतं. "तिचा चेहरा मला धड बघायला नाय मिळाला," एवढं ते म्हणाले होते आणि पेपर उचलून वाचू लागले होते.

मुलगी माझ्याकडं पाहत होती.

"मी नऊ वर्षांची होते," ती म्हणाली. "अण्णा तेव्हा रडलेच नाहीत. कागद घेऊन फिरत होते. मला आजपर्यंत वाटायचं, त्यांना आईचं काही नव्हतंच." मग तिनं विचारलं, "हे तुम्हाला कधी सांगितलं त्यांनी?"

मी सांगितलं, पाचेक वर्षांपूर्वी, एका दुपारी.

"मला नाही सांगितलं."

ती नजर मी ओळखत होतो. माझ्याकडं सांत्वनाचं एक वाक्य तयार होतं, पण मला कुणी तसलं वाक्य ऐकवलं असतं तर मी काय केलं असतं हेही मला माहीत होतं. मी खाली पाहिलं. राखेचं गाडगं आमच्या दोघांच्या मध्ये ठेवलेलं होतं, थोडं माझ्या बाजूला. तिनं हात पुढं केला आणि ते आपल्याकडं ओढून घेतलं.