जाफराबादची मोसंबी आणि माझा गुलाल

डिसेंबरात लोक महाबळेश्वरला जातात, मी जाफराबादला गेले. माझी भाची वैशाली तिथे मुलींना फुटबॉल शिकवते. दोन सरावांच्या मधे त्यांना वयात येण्याबद्दल, रक्ततपासणीबद्दल, एचआयव्हीबद्दल सांगते. तिचा फोन आला, "मावशी, रविवारी आमचा सामना आहे, ये. जन्मभर बायोलॉजी शिकवलीस, पोरींशी चार शब्द बोल." निवृत्त शिक्षिकेला बोलायला बोलावणं म्हणजे काय, ते माझ्या नवऱ्याला विचारा. मी त्याच दिवशी बॅग भरायला घेतली.

पुण्याहून पहाटेची बस धरली की दुपारी जालना. पुढे जाफराबादची एसटी दोन तास तरी घेते. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्चाचं रडगाणं नाही. एसटी चुकली तर काळी-पिवळी जीप आहे, पण तीत माणसं ठासून भरल्याशिवाय ड्रायव्हर चावी फिरवत नाही. कापूस वेचणीचे दिवस होते. रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस अडकलेला, मधेच हरभऱ्याची हिरवी शेतं. हॉटेलबिटेलची अपेक्षा ठेवू नका. मी वैशालीकडे उतरले. बाजरीची भाकरी आणि ठेचा खाऊन झोपले ते सकाळीच उठले.

शनिवारी सकाळी मैदानावर. मैदान म्हणजे गावाबाहेरचा सपाट माळ, बांबूचे गोल आणि एक मोठा कडुलिंब. मधल्या सुट्टीत रुक्मिणीबाई मोसंबीचं ताट घेऊन आल्या. मोसंबी त्यांच्याच मळ्यातली, स्वतः सोललेली. पोरी त्यांना काकू म्हणतात. सगळ्या त्यांच्या अंगावर पडल्या, फोडी तोंडात, रस कोपरापर्यंत. गोलकीपर शीतलचे हात ग्लोव्हजमध्ये, म्हणून काकू तिला भरवत होत्या.

वैशाली हळूच म्हणाली, "काकूंना एचआयव्ही आहे. आठ वर्षं झाली, रोज गोळी घेतात, ठणठणीत आहेत. त्यांनी स्वतःच पोरींना सांगितलंय." (हे मी त्यांना विचारूनच लिहितेय. नावं मात्र सगळ्यांची बदलली आहेत.) तेवढ्यात काकूंनी माझ्यापुढे ताट धरलं. मी हसून फोड घेतली. आणि खोटं कशाला बोलू, ती खाल्ली नाही. रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली. तीस वर्षं हाच धडा शिकवलेली बाई मी. माझी मलाच लाज वाटली, पण हात काही तोंडाकडे गेला नाही.

ती लाज झाकायला असेल, मी जास्तच उत्साहात आले. वैशाली पोरींच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या वाचून शांतपणे उत्तरं देत होती. मला ते फिकं वाटलं. गणपतीतला उरलेला गुलाल मिळाला. तीन पोरींच्या तळव्यांना तो लावला आणि सांगितलं, आता सगळ्यांनी एकमेकींशी हात मिळवा. पाच मिनिटांत अख्खी टीम गुलाबी. "बघा, एचआयव्ही एकीपासून कुठवर पोचतो." टाळ्या पडल्या. वैशाली म्हणाली, "मावशी, पुढचं सांगायचं राहिलं ना." तोवर पोरी हात धुवायला हापशाकडे पळाल्या होत्या. म्हटलं, उद्या सांगू.

रविवारी सामना. शेजारच्या गावची टीम आलेली, गडीमाणसं सायकली आडव्या टाकून बसलेली. पूर्वार्ध एक-एक बरोबरीत संपला आणि काकू ताट घेऊन आल्या. कोणी उठलं नाही. एक म्हणाली पोट भरलंय, एक बुटाची नाडी बांधत बसली. शीतलने ग्लोव्हजचे हात पाठीमागे नेले. "काकू, आज न्हाई पाहिजे."

"काहून गं?" काकूंनी विचारलं.

शीतल खाली बघत होती. सगळ्यांत धाकटी होती तिनं सांगून टाकलं. "मॅडमनं काल दाखवलं ना. हात लावला की लागतं."

काकूंनी ताटावर पदर घातला आणि लिंबाखाली जाऊन बसल्या. मी त्यांच्या मागे गेले, काहीतरी पुटपुटले.

"पोरायची चूक न्हाई, मॅडम," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं. "त्यायनं तुमचं बराबर ऐकलं. दोन वर्सं मी नुसती हितं येऊन बसत व्हते, मंग कुठं एकीनं माझ्या हातची फोड खाल्ली. आता उद्यापासून न्हाई येत मी. माझ्यापायी त्यायचा खेळ कशाला बिघडायचा?"

उत्तरार्धाला पाच मिनिटं होती. मी मैदानाच्या मध्यावर गेले. चांगलं काही सुचत नव्हतं, जे होतं ते बोलले. "काल मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. गुलाल हाताला लागतो तसा एचआयव्ही लागत नाही. हात मिळवून नाही, घामानं नाही, एका ताटात जेवून नाही."

"मंग कशानं लागतं?" शीतलने विचारलं.

वैशालीने सरळ सांगितलं. निरोधाशिवायचा शरीरसंबंध, दुसऱ्याला वापरलेली सुई, न तपासलेलं रक्त, आणि औषध घेतलं नाही तर आईकडून बाळाला. तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, औषधंही मिळतात. एरवी अशा शब्दांना फिदीफिदी हसणाऱ्या पोरी गप्प ऐकत होत्या. सायकलवाले गडीही ऐकत होते.

मग मी पर्स उघडली. कालची फोड रुमालात सुकून बसली होती. "ही काकूंनी मला काल दिली होती. मला सगळं माहीत होतं, तरी मी घाबरले आणि लपवली." लिंबाखाली जाऊन काकूंपुढे हात पसरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ताटावरचा पदर बाजूला केला. मी तिथेच उभी राहून ताटातली फोड खाल्ली. गोड होती, बियांसकट गिळली.

पाठीमागे पावलं वाजली. शीतल आली होती. तिनं दातांनी एक ग्लोव्ह ओढून काढला, मग दुसरा, आणि दोन्ही उघडे हात काकूंपुढे धरले. काकू फोड देईनात, नुसते तिचे हात धरून बसल्या. मग बाकीच्या आल्या. पंचाने तीनदा शिट्टी मारली तरी कोणी हललं नाही. सामना आम्ही दोन-एक हरलो.

परतीच्या एसटीत पायाशी मोसंबीची पिशवी होती. ती काकूंनी दिली का मी मागून घेतली, आता आठवत नाही. घरी नवऱ्याने एका बैठकीत चार संपवली. माझ्या नखांतला गुलाल आठवडाभर निघाला नाही आणि मीही तो घासत बसले नाही. जाणार असाल तर हिवाळ्यात जा, टोपी न्या, आणि समोरचं ताट नाकारू नका.

काल वैशालीचा फोन आला. काकू रोज येतात. गुलालाचा खेळ पोरींनी बंद करू दिला नाही, पण आता त्याआधी सगळ्याजणी काकूंशी हात मिळवतात आणि कोरे तळवे वर करून दाखवतात. शाळाशाळांत जाऊन हा खेळ त्या स्वतः शिकवतात. त्याचं नावही त्यांनीच ठेवलंय, "मॅडमची चूक".